डबा उघडण्यापूर्वी भिंतीला हात लावा

आज दुपारी मावसबहिणीकडे गेले होते. तिच्या झोपण्याच्या खोलीला जेमतेम सात महिन्यांपूर्वी रंग दिला होता आणि खिडकीखालच्या भिंतीवर तळहाताएवढे फुगे आले होते. त्यातला एक मी नखाने दाबला, तर त्याचा पोपडा कागदासारखा सुटून हातात आला आणि मागून पांढरी भुकटी सांडली. यावर तिने आणि तिच्या यजमानांनी ठरवलेला उपाय असा, की मागच्या वेळी ‘साधा’ रंग घेतला ही चूक झाली. आता डब्यावर मोठ्या अक्षरांत ‘जलरोधक’ असे लिहिलेला, त्याहून महागातला रंग द्यायचा. डबे आणून कोपऱ्यात ठेवले होते, छटाही ठरली होती. भिंत मुळात ओली का होते, हा प्रश्न मात्र त्या घरात एकानेही विचारला नव्हता. मी तिथे फारसे बोलले नाही, कारण तिचा उत्साह मोडवेना. घरी आल्यापासून मात्र मन शांत नाही, म्हणून हे लिहीत आहे.

माझ्या आईच्या खाटेमागची भिंत आम्ही तीन वर्षांत तीन वेळा रंगवली. आईला रात्री उठताना भिंतीचा आधार घ्यायची सवय होती. पहिला रंग देऊन पंधरा दिवस झाले असतील, तेव्हाच ती म्हणाली, “अगं, ही भिंत हाताला गार लागते. बाकीच्या तिन्ही तशी लागत नाहीत.” मी म्हणाले, “आई, नवा रंग आहे, वाळेल हळूहळू.” पहिल्या वर्षी आम्ही डिस्टेंपर दिला होता. दुसऱ्या वर्षी जुना रंग खरवडून, लांबी (पुट्टी) भरून, घासून गुळगुळीत केलेल्या भिंतीवर इमल्शनचे दोन हात दिले. तिसऱ्या वर्षी एका सल्लागाराच्या सांगण्यावरून रबरासारखा जाड, ताणला जाणारा लेप दिला. प्रत्येक वेळी आई भिंतीवर हात ठेवून तेच वाक्य म्हणायची आणि प्रत्येक वेळी मी तिला रंगाचे नाव सांगायचे.

रंग म्हणजे नेमके काय, हे मला तोवर ठाऊक नव्हते, आणि ते कोणी सांगतही नाही. डब्यात चार गोष्टी असतात: रंगाची पूड, ती धरून ठेवणारा चिकट बंधक, ते सगळे पातळ करणारे पाणी किंवा थिनर, आणि बुरशी, फेस वगैरे आवरणारी थोडी रसायने. पाणी उडून गेले की भिंतीवर उरते ती एक पातळ कातडी. इमल्शनच्या एका हाताची सुकलेली जाडी साधारण ३० ते ४० मायक्रॉन असते, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही कमी. या कातडीकडून आपण काय काय अपेक्षा करतो! गिलाव्याच्या भेगा तिने झाकाव्यात, गळक्या नळाचे पाणी तिने अडवावे, चुकीच्या बांधकामाची भरपाईही तिनेच करावी. भिंतीतून येणारे पाणी आपल्याबरोबर विटांतले आणि सिमेंटमधले क्षार विरघळवून आणते. पाणी वाफ होऊन जाते, क्षार मागे राहतात आणि त्यांचे स्फटिक बनतात. वाफेला बाहेर पडू देणारा रंग असेल, तर हे स्फटिक भिंतीच्या पृष्ठभागावर पांढऱ्या पुडीसारखे दिसतात आणि कोरड्या ब्रशाने झाडता येतात. वाफच अडवणारी कातडी असेल, तर ते तिच्या मागे वाढतात आणि तिला आतून ढकलून देतात. आमच्या तिसऱ्या वर्षीच्या त्या रबरी लेपाची एक पूर्ण पट्टी, हातभर लांबीची, एका रात्रीत सुटून आईच्या उशीवर पडली होती. तिच्या मागे गिलावा ओला आणि काळपट होता, आणि त्याला बुरशीचा वास होता. त्या वासात आई वर्षभर झोपली होती आणि तिच्या खोकल्याचे खापर आम्ही ऋतुबदलावर फोडत होतो.

त्या सल्लागाराने भिंतीकडे पाच मिनिटेही पाहिले नव्हते, हे मला आजही विसरता येत नाही. जिथे बाहेरून पाणी अडवणे शक्यच नाही, अशा तळघरासारख्या भिंतीला आतून सिमेंटचा जलरोधक लेप द्यावा लागतो, हे मान्य आहे. पण तो गिलाव्यात रुजणारा लेप असतो. भिंतीवर वरून चढवलेली रंगाची कातडी मागून रेटणाऱ्या पाण्यापुढे टिकत नाही. हा फरक सांगणे त्याचे काम होते, आणि त्याने सांगितले काय, तर ‘वॉरंटी’ किती वर्षांची आहे ते.

छटांचे कार्ड हातात घेऊन तासन्‌तास चर्चा करणाऱ्या आपल्या सगळ्यांवरही माझा राग आहे. फिकट पिस्ता की मोतिया, यावर घरात मतदान होते. पण ज्या पृष्ठभागावर तो द्यायचा, तो गिलावा आहे, लाकूड आहे, लोखंड आहे की जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, यावर कोणी दोन मिनिटे घालवत नाही. मनाजोगत्या छटेने खोलीत प्रसन्न वाटते, एवढे मी मान्य करते. पण भिंतीला छटा कळत नाही, तिला रसायन कळते. नव्या सिमेंटच्या गिलाव्याचा सामू (pH) १२ ते १३ असतो, म्हणजे तो चांगलाच अल्कधर्मी असतो. त्यावर घाईने ऑईलपेंट दिला, तर तेलाचे आणि अल्काचे मिळून अक्षरशः साबण बनते आणि रंग चिकट होऊन सुटतो. म्हणूनच नवा गिलावा किमान २८ दिवस पुरता मुरू आणि सुकू द्यावा आणि मग अल्काला दाद न देणारा प्रायमर द्यावा, असे जाणकार सांगतात. जस्ताच्या पत्र्यावर ऑईलपेंट थेट दिला, तरी वर्षा-दोन वर्षांत हाच प्रकार होतो. रंगारी वाईट होता असे म्हणून आपण मोकळे होतो. पण खिडकीत उभे राहून त्याला ‘चार दिवसांत आटपा’ असे आपणच सांगितलेले असते.

लोखंडाच्या गजांचेही असेच आहे. गंजाचा सुटा थर तारेच्या ब्रशाने निघेपर्यंत घासायचा, त्याच दिवशी प्रायमर द्यायचा, आणि कडा व जोड यांना एक हात जास्तीचा द्यायचा, कारण धारदार कडेवरून ओला रंग ओघळतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. ‘रेड ऑक्साइड’ नावाने जो तांबडा प्रायमर मिळतो, त्यातली पूड म्हणजे लोहाचे ऑक्साइड असते. ती स्वतः गंजाला रोखत नाही. ते काम झिंक फॉस्फेटसारखे घटक करतात, म्हणून डब्यामागचा बारीक मजकूर वाचावा लागतो. मी आता तो दुकानात उभी राहून वाचते, मागे रांग असली तरी.

लाकडाबद्दल मला अधिक जिव्हाळा आहे, म्हणून थोडे जास्त लिहिते. लाकूड दमट हवेत फुगते आणि कोरड्या हवेत आकसते, तेही लांबीत नगण्य आणि रुंदीत पुष्कळ. त्यामुळे बाहेरच्या दारावर काचेसारखा कडक व्हार्निशचा थर दिला, तर लाकूड हलते आणि थर तडकतो. शिवाय उन्हातले अतिनील किरण पारदर्शक थरातून आत शिरून लाकडातील लिग्निन, म्हणजे त्याचे तंतू बांधून ठेवणारा घटक, कुजवतात. वरचा थर शाबूत दिसतो, पण त्याची खालची पकडच जाते. म्हणून बाहेरच्या लाकडाला एकतर रंगाची पूड असलेले रोगण द्यावे, किंवा तेलाचे पातळ हात देऊन ते दर एक-दोन वर्षांनी पुन्हा द्यायची तयारी ठेवावी. आणि दाराच्या वरच्या आणि खालच्या कडा रंगवायला विसरू नये. त्या कोणाला दिसत नाहीत, म्हणून रंगाऱ्यालाही दिसत नाहीत. पण लाकूड आपल्या आडव्या छेदातून सर्वांत जास्त पाणी पिते, आणि पावसाळ्यात दार अडकते ते त्यामुळेच. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी मात्र कधीही चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल हवेतला प्राणवायू शोषून वाळते आणि त्यात उष्णता निर्माण होते. चोळामोळा केलेल्या फडक्यांत ही उष्णता साठून फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा, किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

आता जे लिहायचे आहे, ते लिहिताना माझा हात अडखळतो. तिसऱ्या वर्षी आम्ही त्या भिंतीवरचे जुने थर कोरडेच घासले होते. घर जुने होते, खालचे थर कधीचे होते ते कोणाला माहीत नव्हते. दिवसभर खोलीत धूळ उडत होती, आई शेजारच्या खोलीत होती, आणि माझी भाची, तेव्हा चार वर्षांची, त्या धुळीत बोटांनी चित्रे काढत होती. जुन्या रंगांत शिसे असू शकते, हे मला तेव्हा सुचलेही नाही. घराच्या आतल्या रंगकामात पांढऱ्या शिशाचा वापर, काही अपवाद वगळून, बंद करावा असा करार आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या परिषदेने १९२१ मध्येच केला होता. अमेरिकेने घरगुती रंगांतील शिशावर बंदी घातली ती १९७८ मध्ये. आज अनेक देशांत घरगुती रंगात शिशाचे प्रमाण दहा लाखांत ९० भागांहून अधिक चालत नाही. पण हे नवीन डब्याबद्दल झाले, भिंतीवर आधीपासून बसलेल्या थरांबद्दल नव्हे. रक्तातल्या शिशाची निर्धोक म्हणता येईल अशी कोणतीही पातळी माहीत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम सर्वांत जास्त होतो. जुना थर घासायचाच असेल, तर तपासून घ्यावा, ओला करून घासावा, नाकातोंडावर चांगला मुखवटा असावा, आणि मुले व म्हातारी माणसे त्या दिवशी घरात नसावीत. भाची आज ठणठणीत आहे. तरीही ती बोटे मला आठवतात.

शेवटी त्या भिंतीचे दुखणे सापडले ते एका वयस्क गवंड्यामुळे. तो घरात आलाच नाही. आधी बाहेरून फिरून आला, वर पाहिले, आणि म्हणाला, “ताई, या छज्ज्याला खालून खाचच नाही.” छज्ज्याच्या खालच्या बाजूला कडेशी एक बारीक खाच असते, तिच्यामुळे पाणी तिथेच तुटून पागोळीसारखे खाली पडते. ती नसल्याने पाणी छज्ज्याच्या पोटाला चिकटून भिंतीपर्यंत येत होते आणि खिडकीची चौकट व गिलावा यांच्यामधल्या फटीतून आत मुरत होते. दोन दिवसांचे काम निघाले. खाच पाडली, फट भरली, आतला कुजलेला गिलावा काढून टाकला. रंगाचा एक थेंबही लागला नाही.

मग त्याने सांगितलेली गोष्ट पाळणे सर्वांत अवघड गेले. भिंत उघडी ठेवायची. ओली भिंत सुकायला जाडीच्या दर इंचाला साधारण एक महिना लागतो, असा ढोबळ नियम आहे, आणि आमची भिंत नऊ इंची होती. आल्यागेल्याने विचारले, नातेवाइकांनी नाके मुरडली, पण आम्ही ती तशीच ठेवली. रात्री आई हात ठेवायची आणि सकाळी मला सांगायची: अजून गार आहे; आज जरा कमी; आज बाकीच्या भिंतींसारखीच लागली. भाड्याच्या घरात किंवा घाईच्या दिवसांत इतके थांबणे प्रत्येकाला जमत नाही, हे खरे आहे. नवा गिलावा सुकल्यावर आम्ही तिला चुन्याची सफेदी दिली. विरलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडीच होतो, आणि त्यातून वाफेला वाट मिळते. तो कपड्यांना लागतो आणि पुसता येत नाही, हेही खरे. आईने तक्रार केली नाही.

ती आता नाही. खोली तशीच आहे, आणि ती भिंत अजून कोरडी आहे. मी कधी कधी तिच्या जागी उभी राहून हात ठेवते.

हे लिहीत असतानाच मावसबहिणीला फोन केला. आधी ती जरा रागावली, म्हणाली, “ताई, रंगारी परवा येणार आहे.” मी तिला सांगितले, की उद्या सकाळी मी येते. हातभर प्लास्टिकचा तुकडा त्या भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवू आणि एक दिवस ठेवू. आतल्या बाजूला थेंब जमले, तर पाणी भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला जमले, तर खोलीतली दमट हवा गार भिंतीवर थिजते आहे, आणि मग खिडकी उघडी ठेवण्यापासून सुरुवात करू. त्यानंतर दोघी मिळून बाहेरून फेरी मारू आणि त्यांच्या छज्ज्याला खाच आहे का ते पाहू. बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, “ये. डबे परत घेतात का, तेही विचारून ठेवते.”