सूडकथा वाचायची माणदेशी रीत

संताजी-धनाजींची गोष्ट वाचायला घेताय? मग आधी स्वतःचं आडनाव बघा. घोरपडे असाल तर संताजी बरोबर, जाधव असाल तर धनाजी, माने-निंबाळकर असाल तर नागोजींची बाजूही कुणीतरी समजून घ्यायला हवी होती. निकाल आधीच लागलेला असला की वाचन भराभर होतं. यातलं एकही आडनाव नशिबी नसेल तर सासुरवाडीचं चालवून घ्या. (ही चारही आडनावं आमच्याकडं एकाच लग्नपत्रिकेत सापडतात, पण पत्रिकेत आपण फक्त आपलं नाव शोधतो.)

सुरुवातीची पानं मोठ्यानं वाचा, शेजारी ऐकू जाऊ द्या. 1695 साली दोड्डेरीच्या गढीत मोगल सरदार कासिमखान कोंडला, दोन महिन्यांत दुसरा सरदार हिंमतखान पडला. मोगलांची घोडी पाण्याला तोंड लावेनात, कारण त्यांना पाण्यात संताजी-धनाजी दिसायचे. आमच्या माण तालुक्यात घोडी पाणी पीत नाहीत ती पाणी नसतं म्हणून, पण तो विषय वेगळा.

माझा भाऊ आणि मी ही गोष्ट एका गोधडीत वाचली. बांधावरच्या बाभळीच्या दोन फांद्या म्हणजे आमची घोडी. उंच फांदी ज्याला मिळेल तो संताजी, आणि ती मिळायची त्यालाच, कारण तो थोरला. आता ती बाभळ नेमकी कुणाच्या हद्दीत, हे ठरवायला मोजणी मागवलीय. दोघांनी. वेगवेगळे पैसे भरून. त्याच्या ट्रॅक्टरचं एक तास दरवर्षी बांधात घुसतं, आणि माझं मुळीच घुसत नाही, असं मी सगळीकडं सांगतो.

असो. 1696 चं पान आलं की जरा सावध राहा. तमिळ मुलखातल्या जिंजी किल्ल्याकडं संताजी-धनाजी एकमेकांवरच तलवार काढतात. धनाजींच्या बाजूचे अमृतराव निंबाळकर संताजींच्या हाती लागतात, आणि संताजी त्यांना हत्तीच्या पायी देतात. भांडण कशावरून, तर सेनापती कोण आणि छत्रपती राजारामांच्या कानाशी कोण. इथं फार विचार करत बसलात तर आपलाच बांध आठवतो. पान उलटा.

पुढचा भाग मात्र सावकाश वाचा. म्हसवडच्या नागोजी मान्यांची बायको राधाबाई म्हणजे या अमृतरावांची बहीण. तिनं नवऱ्यामागं सुडाचा धोशा लावला, आणि जून 1697 मध्ये शंभूमहादेवाच्या डोंगरात, ओढ्यावर आंघोळ करत असलेल्या संताजींना नागोजींनी गाठलं. अंगावर ना चिलखत, ना जवळ माणूस. इथं डोळे भरून आलेच पाहिजेत. भावासाठी बहिणीची केवढी ही माया! डोळे पुसा, आणि ताबडतोब आपल्या बहिणीला फोन लावा. "ताई, हक्कसोडपत्रावर तुझी तेवढी सही राहिलीय. मंगळवारी दहिवडीला ये. येताना आधार कार्ड आण. साडी घेऊन ठेवलीय." साडीचा रंग तिला विचारू नका. विचारलं की बायका बाकीचंही विचारायला लागतात.

त्यानंतरची पानं अगदीच रटाळ आहेत, खुशाल गाळा. 1698 च्या सुरुवातीला जिंजी गेली. डिसेंबर 1699 मध्ये खुद्द औरंगजेब साताऱ्याला येऊन बसला, एप्रिल 1700 मध्ये अजिंक्यतारा त्याच्या हाती पडला आणि त्यानं किल्ल्याचं नाव आझमतारा ठेवलं. "तेव्हा संताजी असते तर?" असं घरातलं पोर हमखास विचारतं. त्याला पाढे म्हणायला बसवा.

आमच्या घरातली प्रत वाटणीत भावाकडं गेली, म्हणून मी परवा गावातल्या वाचनालयातून आणली. संताजींच्या आंघोळीच्या पानावर कुणीतरी पेन्सिलीनं ओळ खोडून काढावी इतकी दाबून अधोरेखित केलीय आणि कडेला लिहिलंय, 'बरोबर!' त्या 'र'ची शेपटी मी चौथीपर्यंत एकाच पाटीवर बघितलेली आहे. घरची प्रत असताना हा वाचनालयात का जातो, कुणास ठाऊक. आणि बरोबर कोण, संताजी की नागोजी, तेही लिहिलेलं नाही.

मी खिशातलं पेन काढलं आणि त्याच्याखाली लिहिलं, 'साफ चूक.'