फौज असली की तख्त मिळायचं? बायझंटाईन घराण्यांबद्दल जे फिरतंय त्याला उत्तर

गेले काही दिवस एक मजकूर सगळीकडे फिरतोय, मला स्वतःला तीन वेगवेगळ्या लोकांनी पाठवला. त्यात म्हटलंय की बायझंटाईन साम्राज्य (म्हणजे पूर्वेकडचं रोमन साम्राज्य, राजधानी कॉन्स्टँटिनोपल, आजचं इस्तंबूल) शत्रूंनी नाही तर घरच्याच जहागीरदारांनी बुडवलं, ज्याच्याकडे फौज तो सम्राट असा तिथला कायदा होता, सम्राट दुसऱ्या बॅसिलने (976 ते 1025) ही घराणी मुळासकट संपवली म्हणून थोडे दिवस बरे गेले, नंतर ती परत वर आली आणि त्यांनी मांझिकर्टला, तुर्कांविरुद्धच्या लढाईत, घात केला, आणि हे सगळं का, तर गद्दारी त्यांच्या रक्तातच होती. मी हा काळ बरीच वर्षं मन लावून वाचतोय, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

सुरुवात "ज्याच्याकडे फौज तो सम्राट" पासून. हे खरं असतं तर बड्या घराण्यातला सेनापती बार्दास स्क्लेरोस नक्की सम्राट झाला असता. 976 ला त्याने बंड केलं, आशिया मायनरचा (आजच्या तुर्कस्तानचा) मोठा भाग त्याच्याकडे गेला, निकाया शहरसुद्धा पडलं, तरी 979 ला हरून त्याला बगदादकडे पळावं लागलं. मग 987 ला दुसरा तसाच सेनापती बार्दास फोकासने स्वतःला सम्राट जाहीर केलं, त्याची माणसं क्रिसोपोलिसपर्यंत आली, म्हणजे राजधानीच्या अगदी समोर, मध्ये फक्त सामुद्रधुनीचं पाणी. आणि तिथेच अडली, कारण तटबंदी, आरमार आणि शहरातली माणसं या तीन गोष्टी त्याच्या हातात नव्हत्या. बॅसिलने कीव्हचा राजा व्लादिमिर याच्याकडून 6000 योद्धे मागवले, बदल्यात सख्खी बहीण ॲना त्याला दिली, आणि एप्रिल 989 मध्ये अबिडोसच्या रणांगणात फोकास घोड्यावरून कोसळून मेला.

1047 चं उदाहरण तर याहून बोलकं आहे. लिओ तोर्निकिओस नावाचा बंडखोर फौज घेऊन कॉन्स्टँटिनोपलच्या भिंतीखाली आला, शहरातून बाहेर पडलेली तुकडी त्याने उधळून लावली, भिंतीवरचे लोक घाबरून पळाले, दरवाजासुद्धा उघडा राहिला होता असं इतिहासकार सेलोस लिहितो, आणि हा सेलोस तेव्हा सम्राटाबरोबर आतच होता. तरी तोर्निकिओस आत शिरला नाही! त्याला वाटत होतं की शहरातले लोक स्वतः येऊन आपल्याला मशाली पेटवून मिरवत राजवाड्यात नेतील. कोणी आलं नाही. त्या वर्षाच्या शेवटी त्याचे डोळे काढले गेले. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो, कारण बंडखोराला स्वतःलाच माहीत होतं की दरवाजा फोडून आत जाणं आणि सम्राट होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जे यशस्वी झाले त्यांचंही बघा. 963 मध्ये सेनापती निकेफोरोस फोकास गादीवर आला तो शहरातल्या लोकांनीच दरबारचा कारभारी ब्रिंगास याच्या विरोधात रस्त्यावर उतरून तीन दिवस मारामारी केली म्हणून, आणि आल्यावर त्याने छोट्या बॅसिलला (हाच पुढचा दुसरा बॅसिल) आणि त्याच्या भावाला हटवलं नाही, सहसम्राट म्हणून ठेवलं. 969 मध्ये त्याचाच भाचा, सेनापती त्झिमिस्केसने त्याला राजवाड्यात रात्री मारलं, पण पॅट्रिआर्क (तिथला मुख्य धर्मगुरू) पॉलिएक्तोसने सांगितलं की मारलेल्या सम्राटाची महाराणी थिओफानोला बाहेर काढ, खुनात कोण होते त्यांची नावं सांग, प्रायश्चित्त घे, मगच मुकुट मिळेल, आणि त्याला ते करावं लागलं. 1057 ला बंड करून सेनापती आयझॅक कोम्निनोस गादीवर आला तेव्हाही पॅट्रिआर्क आणि शहर त्याच्या बाजूने फिरल्यावर. 1081 मध्ये त्याचा पुतण्या ॲलेक्सिओस कोम्निनोस मात्र भिंतीवरच्या जर्मन पहारेकऱ्यांना फितवून घुसला आणि त्याच्या सैनिकांनी शहर लुटलं, हे मान्य. पण त्याच ॲलेक्सिओसला त्या लुटीसाठी 40 दिवस उपास करून जमिनीवर झोपावं लागलं, हे त्याची मुलगीच लिहून गेली आहे.

आता "जहागीरदार" या शब्दाकडे येतो, कारण मला वाटतं घोळ इथेच होतो. आपण मराठी माणूस जहागीर म्हटलं की मुलूख तोडून दिलेला, वसुली आपली, फौज आपली, असंच डोळ्यासमोर आणतो. दहाव्या शतकातल्या या घराण्यांचं तसं नव्हतं. त्यांच्या जमिनी होत्या, प्रचंड होत्या, पण त्यांची खरी ताकद सरकारी सेनापतीपदातून यायची, आणि ते पद सम्राट द्यायचा आणि सम्राटच काढून घ्यायचा. लिउतप्रांद नावाचा इटलीहून आलेला राजदूत 950 च्या सुमाराला तिथे होता, त्याने ईस्टरच्या आधीच्या दिवसांत पगारवाटप स्वतः बघितलं. लांबलचक टेबल, त्यावर सोन्याच्या नाण्यांच्या थैल्या, प्रत्येकीवर रक्कम लिहिलेली, आणि सम्राट स्वतः हजर राहून वाटतोय. मोठ्या सरसेनापतीला इतकं सोनं मिळालं की खांद्यावर घेता येईना, दुसऱ्यांच्या मदतीने ओढत न्यावं लागलं. वर्षातून एकदा सगळ्यांसमोर मालकाच्या हातून पगार घेणाऱ्या माणसाला स्वतंत्र संस्थानिक कसं म्हणणार? म्हणून तर प्रत्येक बंडखोराला राजधानीच हवी असायची. कोणी आशिया मायनरमधल्या कापाडोकियामध्ये वेगळं राज्य काढून बसला नाही, कारण सोनं, पदव्या, पदं सगळं त्या एका शहरातून यायचं.

"बॅसिलने घराणी संपवली" हेही बरोबर नाही. 996 चा त्याचा कायदा कडक होता, बड्यांनी गरिबांची जमीन गिळली असेल तर 40 वर्षं ताबा आहे ही सबब चालणार नाही असं त्यात आहे, आणि फोकास, मालेइनोस ही घराणी नाव घेऊन लिहिली आहेत. युस्टाथिओस मालेइनोसने सम्राटाची आणि त्याच्या सगळ्या फौजेची आपल्या घरी सरबराई केली, बॅसिलने ते वैभव बघितलं, त्याला मानाने राजधानीत नेलं, परत जाऊ दिलं नाही, आणि मेल्यावर सगळी इस्टेट जप्त. पण 1022 मध्ये पुन्हा एक फोकास बंडात होताच. आणि कोम्निनोस घराणं तर बॅसिलनेच वाढवलं. ती गोष्ट अशी, स्क्लेरोसने निकायाला वेढा घातला तेव्हा आत बॅसिलच्या बाजूने लढत होता मॅन्युएल कोम्निनोस. धान्य संपलं. त्याने कोठारात वाळूचे ढीग केले, वर धान्याचा थर पसरला, शत्रूच्या कैद्यांना ते दाखवलं, आणि सांगून पाठवलं की दोन वर्षं पुरेल एवढं आहे, पण आम्हाला माणसं आणि सामान घेऊन सुखरूप जाऊ द्या, शहर देतो. स्क्लेरोस फसला. या मॅन्युएलने आपली दोन मुलं मागे बॅसिलच्या हवाली केली, त्यातला एक म्हणजे 1057 ला गादीवर आलेला आयझॅक, आणि दुसऱ्याचा मुलगा ॲलेक्सिओस.

मांझिकर्टबद्दल त्या मजकुरात अर्धं खरं आहे आणि ते मी झाकणार नाही. 1071 मध्ये बड्या घराण्यातला आंद्रोनिकोस दुकास मागची तुकडी घेऊन निघून गेला आणि सम्राट रोमानोस दिओगेनिस पकडला गेला. पण तुर्कांचा सुलतान आल्प अर्सलानने त्याला थोड्याच दिवसांत सोडून दिलं, ती लढाई म्हणजे काही सर्वनाश नव्हता. सर्वनाश झाला पुढच्या दहा वर्षांत, सुटून आलेल्या रोमानोसशी लढून त्याचे डोळे काढले, मग सेनापती ब्रिएनिओस, मग सेनापती बोतानियातिस, एकामागून एक बंडं, आणि एकमेकांविरुद्ध तुर्की घोडेस्वार भाड्याने घेऊन ते आत आणले. इथे घराण्यांचा दोष आहे, मोठा आहे. पण मग याच घराण्यांची 976 ते 989 ची बंडं तितकीच मोठी असूनही साम्राज्य त्यानंतर 36 वर्षं वाढतच का गेलं, हे "रक्तातली गद्दारी" म्हणून समजत नाही.

आणि ते रक्ताचं बोलणं मला मनापासून खटकतं. डोळे काढणं भयंकरच, त्याचं समर्थन कोणी करू नये. पण फोकास मेल्यावर, बगदादहून परतलेला स्क्लेरोस शरण आला तेव्हा काय झालं तेही सांगा ना. म्हातारा झाला होता, दिसत जवळपास नव्हतं, दोन्ही बाजूंनी धरून त्याला तंबूकडे आणत होते. ज्याची मला एवढी भीती वाटायची तो बघा हात धरून येतोय, असं बॅसिल म्हणाला. राजचिन्हं सगळी उतरवलेली, पण पायातले जांभळे बूट, जे फक्त सम्राटाने घालायचे, ते तसेच राहिले होते. बॅसिलने डोळे मिटून घेतले, बूट काढेपर्यंत उघडले नाहीत. मग उठून त्याला जवळ घेतलं, दोघं बसले, आणि स्क्लेरोससाठी आणलेल्या वाइनच्या पेल्यातून आधी स्वतः घोट घेतला, विषाची शंका राहू नये म्हणून, आणि मग पेला त्याच्या हातात दिला.