पाचच टक्के आलंय मॅडम

परवा एका पीएचडीच्या पोराचा चॅप्टर तपासत होते. विषय ऊसतोड बायका. पोराचे स्वतःचे आईबाप कोयत्यावर गेलेले, त्यामुळे फील्डवर्क खणखणीत. पण मधेच एक रेफरन्स दिसला, १९८७ चा, एका जुन्या मराठी त्रैमासिकातला लेख, आणि विषय इतका नेमका की मलाच लाज वाटली, हा आपण वाचला कसा नाही म्हणून. लायब्ररीत गेले, काकांनी धूळ झटकून बाइंड केलेला खंड काढून दिला, बघते तर काय, लेख म्हणे पान ११२ वर आणि अंकच संपतोय ९६ वर!

बोलावलं त्याला. आधी गप्प. मग म्हणतो, "चॅटजीपीटीने दिला. पण मॅडम, प्लेजरिझम पाचच टक्के आलंय."

इथेच गोम आहे बघा. यूजीसीचा २०१८ चा नियम, दुसऱ्यांच्या लिखाणाशी १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही, आणि आपण सगळ्यांनी मिळून त्याचाच पासिंग मार्क करून टाकला. बाबा हे वाचलंस का असं कोणी विचारत नाही, रिपोर्ट किती आला विचारतात. आता जो लेख जगात नाहीच, त्याचं साम्य सॉफ्टवेअरला सापडणार कुठे?

आणि एआय डिटेक्टरचं तर मला सांगूच नका. चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयने स्वतःचाच डिटेक्टर अचूक नाही म्हणून जुलै २०२३ मधे बंद केला. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या लोकांनी दाखवलं की इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही त्यांनी स्वतः लिहिलेले निबंधसुद्धा हे डिटेक्टर सर्रास मशीनचे ठरवतात. म्हणजे मार कुणाला, तर आमच्या झेडपीच्या शाळेतून आलेल्या पोरांना. मी गंमत म्हणून माझा २००९ चा पेपर टाकला, ६८ टक्के एआय निघाला :)

इंग्रजी सुधारायला एआय वापरा की, मीही वापरते, फक्त तसं थीसिसमधे लिहा. पैसेवाले हेच काम पैसे मोजून करून घ्यायचे तेव्हा कुणाच्या पोटात दुखलं नाही. (आख्खा थीसिस लिहून देणारी दुकानं पण काही काल उघडलेली नाहीत.)

पण मला झोप लागली नाही ती त्या रेफरन्समुळे नाही. बोलता बोलता कळलं की याने बायकांच्या मुलाखती पण चॅटजीपीटीतच टाकल्या होत्या, थीम काढून दे म्हणून. जशाच्या तशा, नावं पण न बदलता. उचल (आगाऊ पैसे) किती घेतली, गर्भपिशवी कधी काढली, कुठल्या दवाखान्यात, मुकादम काय बोलला, सगळं. त्या बायकांनी हे कोपीपुढे, म्हणजे आपल्या झोपडीपुढे बसून एका ओळखीच्या घरातल्या पोराला सांगितलं होतं. कन्सेंट फॉर्मवर अंगठे आहेत, पण त्या फॉर्मवर एआयचा उल्लेखच नाही, आणि तो फॉर्म मीच करून दिलेला.

त्याचं ट्रान्सक्रिप्ट मागवून वाचलं. एकीने मुकादमाचं नाव घेतलंय आणि लगेच म्हणालीय, "हे लिहू नको बाळा." पोराने ते वाक्यही इमानदारीने टाईप केलंय. मशीनने ते 'संकोच' या थीमखाली टाकलंय.