एमडन पाणबुडी नव्हती, आणि चंपकरमण पिल्लै तिच्यावर नव्हते

एक फॉरवर्ड परत फिरतोय, की 1914 ला जर्मन पाणबुडी एमडनने मद्रासवर हल्ला केला, क्रांतिकारक चंपकरमण पिल्लै तिच्यावर होते आणि त्यांनीच निशाणं दाखवली, वाटेतली व्यापारी जहाजं तिने माणसांसकट बुडवली आणि शेवटी ब्रिटिश नौदलाने तिला समुद्रात बुडवलं. मद्रासवर हल्ला झाला एवढं खरं, बाकी सगळं गंडलंय.

पाणबुडीचं लगेच संपवू. एमडन क्रूझर होती, म्हणजे पाण्यावरून चालणारी वेगवान युद्धनौका, तीन धुरांड्यांची, आणि कॅप्टन फॉन म्युलरने चौथं खोटं धुरांडं उभारलं होतं, लांबून ब्रिटिश क्रूझर यार्माउथ वाटावी म्हणून.

आता पिल्लै. एमडन चीनमधल्या त्सिंगताओहून 31 जुलैला निघाली तेव्हा हे स्वित्झर्लंडमध्ये, आणि मद्रासवर गोळे पडले 22 सप्टेंबरच्या रात्री, तेव्हाही तिकडेच, बर्लिनला गेले ते त्यानंतर. मग चढले कुठून? माणूस मोठाच होता हो, त्यासाठी त्याला बोटीवर बसवायची गरज नाही. आणि म्युलरने निशाणा धरला तो बर्मा ऑइल कंपनीच्या तेलाच्या टाक्यांवर. ब्रिटिशांचा दबदबा लोकांच्या डोळ्यादेखत उतरवायचा हाही हेतू होता, पण म्हणून तो आपल्या स्वातंत्र्यासाठी लढत होता असं होत नाही, बंदरात माणसं मेलीच की.

"माणसांसकट बुडवली" हे तर पार उलटं आहे. जहाज अडवायचं, कागद तपासायचे, माणसं उतरवून घ्यायची, कोळसा आणि खाण्यापिण्याचं काढून घ्यायचं आणि मग बुडवायचं, अशी पद्धत. कोळसा तर जीव की प्राण, कारण बंगालच्या उपसागराच्या आसपास जर्मनीचं एकही बंदर नव्हतं. काबिंगा हे ब्रिटिश व्यापारी जहाज बुडवलंच नाही, माल अमेरिकन मालकीचा होता आणि कॅप्टनची बायको पण बोटीवर होती, उलट पकडलेल्या खलाशांना त्यातच बसवून सोडून दिलं. इटलीचं लोरेडानो तटस्थ म्हणून सोडलं तर त्यांनीच जाऊन बातमी फोडली. न सांगता टॉर्पेडो मारायचं जर्मन धोरण फेब्रुवारी 1915 चं, ते लोक इथे चिकटवतात. पण उपसागरातली वाहतूक काही दिवस ठप्प झाली ती एवढी सभ्यता पाळूनच.

शेवटचा मुद्दा. 9 नोव्हेंबरला एमडनची माणसं हिंदी महासागरातल्या कोकोस बेटांवर केबल आणि वायरलेस तोडायला गेली आणि स्टेशनवाल्यांनी आधीच मेसेज सोडला. आली ती ऑस्ट्रेलियन क्रूझर सिडनी, तिच्या तोफा मोठ्या, एमडनचा चेंदामेंदा झाला आणि म्युलरने स्वतःच ती नॉर्थ कीलिंग बेटाच्या खडकांवर घातली. म्हणजे भर समुद्रात बुडाली वगैरे काही नाही. आणि बेटावर उतरलेली एमडनच्याच अधिकाऱ्याची, फॉन म्युकेची तुकडी तर हाती लागलीच नाही, आयेशा नावाचं जुनं शिडाचं जहाज पळवून सुमात्राला, तिथून अरबस्तानमार्गे 1915 मध्ये कॉन्स्टँटिनोपलला पोचली, आणि फॉरवर्डमध्ये ह्याचा एक शब्द नाही!