फ्रॉकमधला रूझवेल्ट: खुलासा

पांढरा फ्रॉक, खांद्यापर्यंत केस, मांडीवर पिसांची टोपी, पायात चकचकीत बूट. ‘आईला मुलगी हवी होती म्हणून फ्रँकलिन रूझवेल्टला असं सजवलं’ या ओळीसह अमेरिकेच्या या भावी राष्ट्राध्यक्षाचा लहानपणचा हा फोटो फिरतोय. फोटो खरा, 1884चा. पण कारण बनावट. तेव्हा अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये चारपाच वर्षांपर्यंतचे, कधी त्याहून मोठे मुलगेही सर्रास फ्रॉकमध्येच असत. विजारीच्या बटणांशी झटापट करण्यापेक्षा फ्रॉक वर उचलणं सोपं! शिवाय पोर वाढलं की दुमडलेली कड उसवायची, झालं. पहिली विजार चढवण्याचा तर घरात सोहळाच असे. आपलं झबलं तरी कुठे मुलगा-मुलगी बघतं?