इंचाला शंभर फूट? काहीच्या काही!

भरतीची तयारी करणारे आमच्या गावचे पोट्टे पहाटे हिंगणघाट रोडवर धावतात आणि परत येताना टपरीवर चहा घेत मोबाइल काढतात. गेल्या पंधरवड्यात तिघांनी मला एकच मेसेज दाखवला. थोडक्यात असा: पिस्तुलाची गोळी लांब नळीच्या रायफलीतून मारली की दर इंचाला शंभर फूट वेग वाढतो. सोळा इंची नळीतून ९ एमएमची गोळी सेकंदाला दोन हजार फुटांच्या वर जाते, म्हणजे रायफलच. सगळ्या काडतुसांना हाच नियम, म्हणून पोलिसांची कार्बाइन लांब असते. आणि नळी लांब म्हणजे नेम पक्का.

खाली हात जोडल्याचं चित्र आणि ‘पुढे पाठवा’.

मी २६ वर्षं पोलीस खात्यात आर्मरर होतो. हत्यारं उघडली, पुसली, जोडली. त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही.

आधी शंभर फुटांचं बघू. हा आकडा अगदीच हवेतून आलेला नाही. नळी दोन इंचांवरून तीन, तीनवरून चार केली, तर ९ एमएमला इंचामागे शंभरच्या आसपास फूट मिळतात. चूक ही की तोच हिशेब सोळा इंचांपर्यंत ओढला. ११५ ग्रेनची (साधारण साडेसात ग्रॅमची) साधी गोळी चार इंची नळीतून सेकंदाला साधारण ११५० फुटांनी सुटते. आठ इंचीतून १२५० च्या पुढे. सोळा इंचीतून १३०० च्या आसपास. शेवटच्या आठ इंचांची कमाई पन्नासेक फूट. मेसेजच्या हिशेबाने तिथे साडेतेवीसशे यायला पाहिजे होते.

असं का होतं, ते काडतूस हातात घेतलं की कळतं. ९ एमएमच्या केसमध्ये, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्यात, बारूद असते पाच-सहा ग्रेन, म्हणजे एका ग्रॅमचा तिसरा हिस्सा. (बंदुकीच्या दारूला मी मुद्दाम बारूद म्हणतो. वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी, नुसतं दारू म्हटलं की चार माना वळतात.) गोळी बसवल्यावर तिच्या मागे जागा उरते जेमतेम अर्धा-पाऊण घनसेंटिमीटर. नळीचं भोक असं की गोळी एक सेंटिमीटर सरकली की मागची जागा जवळपास दुप्पट झाली. दहा सेंटिमीटर सरकेपर्यंत दहापट. चाळीस सेंटिमीटरला चाळीसपट. वायू तेवढाच, कोंडायची जागा चाळीसपट, मग ढकलायला दाब कुठून आणायचा? सुरुवातीचा दाब हवेच्या दाबाच्या दोन हजारपटीहून जास्त असतो, पण तो गोळी हलल्या-हलल्याच चढतो आणि तसाच उतरतो. पुढच्या नळीत गोळी मिळालेल्या जोरावर जाते, वरून नळीशी घासतेही.

पोट्ट्यांना हे पटेना. मग शेजारच्या शेतातून ठिबकची जुनी १६ एमएमची नळी आणली. ओल्या कागदाचा बोळा करून आत बसवला. हातभर तुकड्यातून तोंडाने एकच झटक्याची फुंक मारली, बोळा रस्त्यापलीकडच्या बाभळीला जाऊन चिकटला. मग पंधरा फुटांचा तुकडा घेतला. तशीच फुंक. बोळा दुसऱ्या टोकातून बाहेर आला आणि पायाशी पडला. सगळे हसले. एकाने मग गाल फुगवून लांबलचक दम लावला, तेव्हा त्याच पंधरा फुटांतून बोळा बऱ्यापैकी गेला.

त्या पोट्ट्याने नकळत मेसेजच्या दुसऱ्या दाव्याची वाट लावली, तो म्हणजे ‘सगळ्या काडतुसांना एकच नियम’. झटक्याची फुंक म्हणजे पिस्तुलाची झटपट जळणारी बारूद. लांब दम म्हणजे हळू जळणारी, जास्त भरलेली. .३५७ मॅग्नमचं काडतूस असंच लांब दमाचं. १५८ ग्रेनची गोळी चार इंची रिव्हॉल्व्हरमधून साडेबाराशे फुटांनी जाते, तीच सोळा-अठरा इंची रायफलीतून सतराशे ओलांडते. लांब नळीचा खरा फायदा बघायचा तर इथे बघा. पण इथेही इंचामागची सरासरी चाळीसच्या आसपास, शंभर नाहीच. त्यातला काही फरक तर नळीचा नसतोच. रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडर (काडतुसं भरायचं फिरतं चाक) आणि नळीमध्ये बारीक फट असते, तिथून वायू निसटतो. रायफलीत ती फट नाही.

पिस्तुलाचं .४५ एसीपी काडतूस उलट टोकाला. २३० ग्रेनची जड गोळी, जाड भोक. पाच इंची नळीतून साडेआठशे फूट, सोळा इंचीतून पन्नास ते शंभर फूट जास्त. अकरा इंच लोखंड वाढवून एवढंच.

आणि .२२ ची बारकी गोळी तर मेसेजवाल्याचं नाकच कापते. ती सोळा ते वीस इंचांच्या दरम्यान कुठेतरी कमाल वेग गाठते. त्यापुढे नळी वाढवली तर वेग थोडा कमी होतो, कारण बारूद कधीच जळून गेलेली असते, उरतं ते घर्षण. तरी स्पर्धेच्या .२२ रायफलींना २६ इंची नळ्या असतात. एक पोरगा म्हणाला, “काका, मंग लंबी नळी कशाले ठेवतेत?” वजनासाठी आणि नेमासाठी. त्यावर येतोच.

मापाचीही एक गंमत आहे, ती या मेसेजात कुणाच्या लक्षात आली नसावी. पिस्तुलाची नळी मोजताना चेंबर (काडतूस बसतं ती जागा) धरून मोजतात, रिव्हॉल्व्हरची मोजताना सिलिंडर सोडून. म्हणजे ‘चार इंची’ पिस्तुलात गोळीला धावायला चार इंच नसतातच. दोघांची तुलना इंचाला इंच लावून केली की हिशेब तिथेच चुकला.

आता ‘१६ इंची ९ एमएम म्हणजे रायफलच’. आपल्याकडच्या इन्सास रायफलीची नळी ४६४ मिलिमीटर, म्हणजे अठरा इंचांच्या थोडी वर, आणि गोळीचा वेग सेकंदाला ९०० मीटर, जवळपास तीन हजार फूट. ९ एमएमला सोळाची अठरा इंची नळी दिली तरी ती तेराशेच्या घरातच राहील. इन्सासच्या ५.५६ एमएम काडतुसाच्या केसमध्ये बारूद पंचवीसेक ग्रेन, गोळी ९ एमएमच्या निम्म्या वजनाची आणि भोक बारीक. त्यामुळे मागची जागा दुप्पट व्हायला तिथे सहा-सात सेंटिमीटर लागतात, एक नाही. रायफलीची ताकद काडतुसात असते. नळी फक्त ती पुरती वापरून घेते.

कार्बाइनबद्दल लिहिलंय ते वाचून तर मला हसूच आलं. आपल्याकडची जुनी ९ एमएम १ए१ कार्बाइन ज्याने उघडली, तो असं लिहिणार नाही. बाहेरून हातभर नळकांडं दिसतं, पुढच्या भागाला भोकं पाडलेली. मागचा भाग बोल्टला (काडतूस नळीत ढकलणाऱ्या लोखंडी ठोकळ्याला) मागेपुढे धावायला. खरी नळी पुढच्या जाळीच्या आत, १९८ मिलिमीटर. माझी वीतही भरत नाही. वेग सेकंदाला ३९० मीटर, म्हणजे १२८० फूट. एमपी५ या सबमशीनगनची नळी २२५ मिलिमीटर, वेग ४०० मीटर. ज्यांनी ही हत्यारं बनवली त्यांनी आठ-नऊ इंचांवर हात आखडता घेतला, कारण त्यापुढे हाती फारसं लागत नाही आणि गाडीतून उतरताना लांब नळी दारात अडकते.

राहिला नेम. लांब नळीने गोळी आपोआप सरळ जात नाही. फरक पडतो तो पुढच्या आणि मागच्या साइटमधल्या (नेम धरायच्या खुणांमधल्या) अंतराने. साइटमध्ये १५ सेंटिमीटर अंतर असताना डोळ्याची एक मिलिमीटर चूक झाली, तर ५० मीटरवर गोळी ३३ सेंटिमीटर बाजूला. तेच अंतर ४० सेंटिमीटर असेल तर साडेबारा. वर खांद्याला दस्ता टेकलेला असतो, हात कमी हलतो. आखूड नळीवर चांगली दुर्बीण बसवली तर हा साइटचा फायदा उरतच नाही.

‘लांब नळी, लांब पल्ला’ असंही एकाने खाली जोडलं होतं. ९ एमएमची गोळी बुटकी आणि बोथट, हवा तिला लवकर आवरते. सुटताना दीडशे फुटांचा जो फरक होता, तो शंभर मीटरवर निम्म्याहूनही कमी उरतो. आणि चार इंची पिस्तुलातून वाकडी सुटलेली गोळीसुद्धा दीड किलोमीटरच्या पुढे जाऊन पडू शकते, त्याला सोळा इंच लागत नाहीत. म्हणून तर गोळीबाराच्या मैदानात निशाण्याच्या मागे मातीचा एवढा मोठा ढीग असतो.