स्पार्टाचा कडा आणि काठीचा घोडा

पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मजकूर अधूनमधून हमखास उगवतो. म्हणणं असं: प्राचीन ग्रीक, त्यातही स्पार्टाचे लोक, दुबळं बाळ जन्मलं की कड्यावरून फेकून द्यायचे. वाचलेल्यांचे कोणी लाड करत नसे. सातव्या वर्षी मूल घराबाहेर. म्हणून ती पिढी पोलादी निघाली, आणि आपण बसलोय घास घेऊन पोरांच्या मागे धावत.

घास घेऊन मीही धावतो. तरी या मजकुराला ‘लाइक’ देणं काही मला जमत नाही.

कड्याची गोष्ट आली कुठून? प्लुटार्क या ग्रीक चरित्रकाराकडून. स्पार्टाचे कायदे ज्याने घालून दिले असं मानतात, त्या लायकर्गसचं चरित्र त्याने लिहिलं इसवी सन 100 च्या आसपास, म्हणजे स्पार्टाच्या ऐन भराच्या काळानंतर जवळजवळ पाचशे वर्षांनी. त्यातही तो ‘फेकत’ म्हणत नाही. जमातीतले वडीलधारे बाळ तपासत आणि अशक्त वा व्यंग असलेलं निघालं तर टायगेटस डोंगराजवळच्या ‘अपोथेताय’ नावाच्या दरीसारख्या जागी ‘पाठवत’, एवढंच. उलट झेनोफोन हा ग्रीक लेखक स्पार्टाच्या लोकांत वावरलेला माणूस. त्याचं स्पार्टावरचं पुस्तक सुरूच होतं मुलं जन्माला घालण्यापासून, पण या तपासणीचा त्यात शब्द नाही. टायगेटसच्या ज्या गुहेत गुन्हेगारांना टाकत असं मानतात, तिथली हाडं थिओडोरॉस पित्सिओस या मानववंशशास्त्रज्ञाने तपासली. 2007 मध्ये त्यांनी सांगितलं की ती साधारण 18 ते 35 वयाच्या माणसांची आहेत, तान्ह्या बाळांची नाहीत. ही गुहा म्हणजेच अपोथेताय, असं कोणी सिद्ध केलेलं नाही. पण कड्याच्या बाजूने पुरावा मागितला तर हाती येतो तो प्लुटार्कचा एक परिच्छेद.

आणि त्याच प्लुटार्कने स्पार्टाच्या अजेसिलाउस राजाचंही चरित्र लिहिलंय. हा राजा बुटका आणि एका पायाने अधू. इसवी सनपूर्व 400 च्या सुमारास गादीवर आला आणि तब्बल चाळीस वर्षं टिकला.

ग्रीक लोक बाळं टाकत नसत, असं मात्र मी म्हणणार नाही. टाकत असत. क्रीट बेटावरच्या गॉर्टिन शहराच्या शिलालेखात कायदाच आहे: घटस्फोटितेने मूल नवऱ्याला दाखवण्याआधी टाकलं तर तिला दंड. पण टाकण्यामागे गरिबी असे, बाप कोण याचा वाद असे, मुलगी झाली हेही असे. यात पोलादी पिढी घडवण्याचा संबंध कुठे येतो? व्यंग असलेलं मूल वाढवू नये असा कायदा असावा, असं अॅरिस्टॉटल लिहितो खरा, पण तो त्याच्या आदर्श राज्याबद्दल. असावा म्हणजे होता असं नव्हे.

अथेन्सच्या अगोरात, म्हणजे जुन्या बाजारचौकात, एका विहिरीत सुमारे 450 नवजात बाळांची हाडं सापडली, इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातली. ऐकताच वाटतं, बघा, मारलीच होती! 2018 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास वेगळं सांगतो. बहुतेक बाळं नैसर्गिक कारणांनी गेली, त्यांतली सुमारे एक तृतीयांश मेंदूच्या आवरणाला झालेल्या जंतुसंसर्गाने. नाळ कापायचं हत्यार अस्वच्छ असावं. पाचव्या-सातव्या दिवशी बाळाला चुलीभोवती फिरवून घरात घेण्याचा विधी असे, दहाव्याला नाव ठेवत. आपल्या पाचवी-बारशासारखंच. त्याआधी गेलेल्या बाळाला रीतसर दफन मिळत नसावं.

लाडांचं काय विचारता! त्याच अगोरात मातीची पॉटी-खुर्ची सापडली आहे, पाय बाहेर काढायला पुढे भोक असलेली. आर्किटास या ग्रीक विद्वानाचा खुळखुळा ही उत्तम कल्पना आहे, असं अॅरिस्टॉटल चक्क राज्यशास्त्रावरच्या ग्रंथात लिहितो. का, तर मुलांना गप्प बसवत नाही, हातात खुळखुळा असला की ती घरातल्या वस्तू फोडत नाहीत. पाच वर्षांपर्यंत मुलांना अभ्यास लावू नये, हेही त्याचंच मत. हे कोणी फॉरवर्ड करत नाही. अथेन्सच्या केरामेइकोस स्मशानात अँफारेती नावाच्या आजीची शिळा आहे. मांडीशी तान्हं नातवंड, वर मजकूर: हे माझ्या लेकीचं लाडकं बाळ, जिवंतपणी मांडीवर घ्यायचे, आता दोघंही मेलो तरी जवळच आहे.

सातव्या वर्षी घर सुटायचं ते स्पार्टाच्या नागरिकांच्या मुलग्यांचं. मुली घरी राहत, गादीच्या वारसाला सूट होती. अथेन्सची पोरं गुलामाचं बोट धरून शाळेत जात आणि परत घरी येत. आणि पोलाद? याच कष्टांनी स्पार्टाने मुलांना पशूसारखं केलं, असं अॅरिस्टॉटल म्हणतो. आणि इतर लोक सराव करू लागताच स्पार्टा मागे पडलं, हेही नोंदवतो. इसवी सनपूर्व 371 मध्ये ल्युक्ट्राच्या लढाईत थीब्ज या ग्रीक शहराने त्यांना धूळ चारली तेव्हा स्पार्टाच्या दोन राजांपैकी एक होता तोच, अधू अजेसिलाउस.

त्याच्याबद्दल प्लुटार्क आणखी एक सांगतो. मुलं लहान असताना तो घरात त्यांच्यासोबत काठीचा घोडा करून खेळायचा. एकदा मित्राने पाहिलं. राजा म्हणाला, तुला स्वतःला मुलं होईपर्यंत हे कोणाला सांगू नकोस.